त्याची, तिचा आणि उसकी

पहिल्याच तासाला माझी फजिती झाली ती एका जावेमुळे.

पुस्तकात होतं तसं झाड मी फळ्यावर काढलं होतं. वर आजी-आजोबा, मध्ये आई-बाबा, खाली मुलगा, मुलगी आणि कोपऱ्यात कुत्रा. ग्रँडफादर, ग्रँडमदर, फादर, मदर, सन, डॉटर. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग पुढच्या बाकावरच्या काकूंनी चष्मा वर सरकवून विचारलं, "यात जाऊ कुठे बसते?"

"जाऊ म्हणजे सिस्टर-इन-लॉ."

"आणि नणंद?"

"ती पण सिस्टर-इन-लॉ."

"वहिनी?"

"ती पण."

"मग हाक मारली तर येणार कोण?"

वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. बायकोची बहीण, म्हणजे मेव्हणीसुद्धा त्यातच, हे मी त्या दिवशी सांगितलंच नाही.

रामबागेतल्या एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आमचा हा वर्ग भरतो. मी बँकेतून निवृत्त झाले. तीस वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिली, तेव्हा हिला इंग्रजी शिकवता येणारच, असं शेजारणींनी परस्पर ठरवलं आणि मीही फार आढेवेढे घेतले नाहीत. विद्यार्थी सात. या काकू, ज्यांचा मुलगा कॅनडात आहे आणि ज्यांना एकदा तिकडे जायचंय. तीन घरी पोळ्या करणाऱ्या ताई. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात दिवसभर हिशेब लिहिणारे काका. बी.कॉम.ची एक मुलगी आणि तिच्याबरोबर जबरदस्तीने धाडलेला दहावीतला भाऊ. शिवणकाम करणाऱ्या एक बाई, ज्या महिन्यातून एखादं वाक्य बोलतात. आणि सांगलीहून लग्न होऊन आलेली एक सून. घरी सगळे मराठी बोलणारे. पण सांगलीची सोडली तर बाकी सगळे जन्मापासून इंदूरचे, शाळा हिंदीतून झालेले. याला काही महत्त्व असेल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या तासाला झाड पुसलं. म्हटलं, आधी आपापली नाती मराठीत लिहा, मग बघू. काकूंचं पान भरलं. मग आम्ही एकेका इंग्रजी शब्दाखाली मराठी शब्द गोळा करत गेलो. अंकलखाली काका, मामा, आतोबा आणि मावशीचे यजमान. आंटखाली काकू, मामी, आत्या, मावशी. कझिनचा तर कहर. चुलत, आते, मामे, मावस, प्रत्येकी भाऊ आणि बहीण, असे आठ शब्द एका शब्दात गेले, आणि तो मुलगा की मुलगी तेही सांगत नाही. म्हणूनच तर आपल्याकडे 'कझिन ब्रदर' म्हणायची पद्धत पडली. पुस्तकं त्याला चूक म्हणतात. मी वर्गात सांगितलं की इंदुरात खुशाल म्हणा, कॅनडात नुसतं कझिन म्हणा.

घरी आल्यावर मला राहवेना. इंग्रजांना काका आणि मामा यांत खरंच काही फरक वाटत नाही? शब्दकोश काढून बसले तर गंमतच निघाली. 'अंकल' फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'अवुंकुलुस'. त्याचा अर्थ मामा. फक्त मामा. काकाला लॅटिनमध्ये निराळा शब्द होता. 'आंट' आली 'अमिता'पासून, म्हणजे आत्या. 'कझिन'चं मूळ मावसभावंडांत. जुन्या इंग्रजीतही काका आणि मामा यांना वेगवेगळे शब्द होते. पुढे १०६६ नंतर नॉर्मन राजे आले, दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि कालांतराने फ्रेंच पाहुण्यांनी घरच्या शब्दांना बाहेर काढलं.

हे मी मंगळवारी सांगितलं तेव्हा काकू टाळी देत म्हणाल्या, "अहो, मग बरोबरच आहे की! आम्ही सासऱ्यांना मामंजी म्हणायचो आणि सासूबाईंना आत्याबाई. अंकल आणि आंटीच झाले ते!" त्या दिवसापासून हे दोन शब्द कोणी विसरलं नाही.

नाती झाली. आता 'चा-ची-चे'. इथे मला उदाहरणांसाठी एक घराणं हवं होतं. स्वतःच्या घरातली नावं घ्यायला बायका लाजत होत्या आणि पुस्तकातल्या जॉन-मेरीशी कोणाचं सोयरसुतक नव्हतं. इंदुरात असल्यावर घराणं शोधायला लांब कशाला जायचं? राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, त्याला वळसा घालूनच तर मार्केटचे काका रोज घरी येतात. फळ्यावर मल्हारराव आणि गौतमाबाई, खाली खंडेराव आणि अहिल्याबाई, त्यांच्याखाली मालेराव आणि मुक्ताबाई.

खंडेराव'स वाइफ. मालेराव'स मदर. मुक्ताबाई'स ब्रदर.

एक अडचण होती. वर्गाला भूतकाळ अजून शिकवलेला नव्हता. तेव्हा 'अहिल्याबाई इज खंडेराव'स वाइफ' असंच चाललं होतं. मार्केटच्या काकांना ते सोसवेना. "खंडेराव १७५४ साली कुंभेरीला गेले, मॅडम." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात 'वॉज' शिकवते, तोवर राहू द्या त्यांना. त्यामुळे ती पूर्ण संध्याकाळ होळकरांचं सगळं घर जिवंत होतं.

मल्हाररावांच्या बाजूने तर व्याकरणाला पर्वणीच. त्यांना मामांनी वाढवलं, तळोद्याच्या भोजराज बारगळांनी, आणि मामांचीच मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. म्हणजे भोजराज हे मल्हारराव'स अंकल आणि मल्हारराव'स फादर-इन-लॉ. दहावीतला मुलगा, जो एरवी खिडकीबाहेर बघत असतो, पहिल्यांदाच बोलला, "मग गौतमाबाई वाइफ की कझिन?" दोन्ही, म्हटलं. त्याने वहीत दोन्ही लिहिलं.

मराठी माणसाला हा 'स' सोपा जावा, कारण तो आपल्या 'चा'सारखाच नावाच्या मागे चिकटतो. उलट आपल्यापेक्षा त्याचे नखरे कमी. मुलगा म्हटला की आपल्याला आधी 'मुला' करावं लागतं आणि मग चा की ची की चं, ते पुढची वस्तू बघून. इंग्रजीत 'सन'चं काही होत नाही आणि 'स'ही लिहिताना बदलत नाही. उच्चार मात्र बदलतो. 'वाइफ'नंतर तो खरा स असतो, पण मदर, फादर, सन यांच्यानंतर तो जाऊ आणि जावई यांतल्या ज कडे झुकतो. हे पुन्हा जावेवरच आलं, हा योगायोग.

नात्यांची साखळी लावली तेव्हा मला स्वतःलाच नवल वाटलं. 'माझ्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलीचं लग्न' हे इंग्रजीत करायचं होतं. मुलांनी 'वेडिंग ऑफ डॉटर ऑफ सिस्टर ऑफ' असं मागून पुढे यायला सुरुवात केली आणि मध्येच अडकली. शाळेत 'ऑफ' म्हणजे 'का-की-के' एवढंच पाठ करून घेतलेलं. मी म्हटलं, ऑफ सोडा, मराठी शब्दांच्या क्रमानेच जा. माय हज्बंड'स सिस्टर'स डॉटर'स वेडिंग. मार्केटचे काका खुर्चीतून उठलेच. "हे तर मराठीच आहे!" मग साडू या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं हा त्यांचा प्रश्नही सुटला. त्यांचा साडू त्यांच्याच दुकानात बसतो, तेव्हा प्रश्न रोजचा. माय वाइफ'स सिस्टर'स हज्बंड. व्याही म्हणजे माय डॉटर'स फादर-इन-लॉ. शब्द नाही तर नसू दे, साखळी आहे.

लिहिताना घोळ झाला तो चिन्हाच्या जागेवरून. बहिणीचं घर, बहिणी, बहिणींचं घर, तिन्ही ठिकाणी कानाला 'सिस्टर्स'च ऐकू येतं. मी बराच वेळ एकवचन-अनेकवचन समजावत बसले. शेवटी शिवणकामाच्या बाई हळूच म्हणाल्या, "आपल्यात टिंब असतं ना तसं." खरंच. बहिणीचं आणि बहिणींचं यांत फरक फक्त एका अनुस्वाराचा, आणि बोलताना तोही आपण धड उच्चारत नाही. त्यांचं टिंब स च्या आधी बसलं तर बहीण एक, स च्या नंतर गेलं तर अनेक. त्या महिन्यातलं त्यांचं ते एकच वाक्य, पण मला दोन तास वाचवून गेलं.

पोळ्यांच्या ताईंची अडचण वेगळीच होती. त्या म्हणायच्या, "आय अॅम टू सन्स." मला दोन मुलगे आहेत, यातल्या 'मला'चं आय आणि 'आहेत'चं अॅम. आपल्याकडे असण्याच्या किती तऱ्हा आहेत हे शिकवायला बसेपर्यंत मला कधी जाणवलं नव्हतं. मुलगे 'मला' असतात, स्कूटर 'माझ्याकडे' असते, घर 'माझं' असतं, ताप पुन्हा 'मला'. इंग्रजीत या सगळ्यांना एक हॅव. आय हॅव टू सन्स, आय हॅव अ स्कूटर, आय हॅव अ हाउस, आय हॅव अ फीव्हर.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या. "म्हणजे पोरं काय आणि स्कूटर काय, यांना सारखीच?"

मी म्हटलं, शब्द सारखा. पण तेवढ्यावर भागलं नाही. पुढच्या वेळी त्यांनी सांगितलं, "आय हॅव माय मदर-इन-लॉ." सासूबाई माझ्याकडे आहेत, हे त्यांना सांगायचं होतं. दोन महिने गावाहून येऊन राहिल्या आहेत म्हणून. आता मराठीत 'मला सासू आहे' आणि 'सासू माझ्याकडे आहे' यांत जमीन-अस्मानाचा फरक, ज्या घरात हा फरक आहे त्या घरातल्या सुनेला विचारा. 'माझ्याकडे' म्हणजे राहायला असेल तर तिथे हॅव नाही, माय मदर-इन-लॉ इज स्टेइंग विथ मी. ताईंनी ते वाक्य पाच वेळा म्हटलं आणि पाचव्यांदा सुस्कारा सोडला.

पण ज्याने मला खरं छळलं ते 'हिज' आणि 'हर'. 'हर' तर सगळ्यांना येत होतं, 'हिज'ही येत होतं, पण जागच्या जागी येत नव्हतं. बी.कॉम.च्या मुलीने भावाविषयी लिहिलं: माय ब्रदर अँड हर फ्रेंड्स. पुढे: माय कझिन ब्रदर अँड हर वाइफ. मी लाल पेनाने गोल करायची, ती मान डोलवायची, पुढच्या तासाला पुन्हा तेच. काकांचंही तेच, ताईंचंही. 'खंडेराव अँड हर मदर'. चूक न करणारी वर्गात एकच, सांगलीची सून. तिचं बाकीचं इंग्रजी सगळ्यांत कच्चं. स्पेलिंग येत नाही, उच्चार अडतात, पण हिज-हर एकदाही चुकलं नाही.

दोन आठवडे मला याचा उलगडा होईना. मग एका शुक्रवारी बी.कॉम.ची मुलगी लिहिताना पुटपुटत होती ते ऐकलं. "मेरा भाई और उसकी वाइफ... उसकी... हर." ती मराठीत बोलते, आईला मराठीत हाक मारते, पण इंग्रजीकडे जाताना हिंदीच्या पुलावरून जाते, कारण शाळेत इंग्रजी तिला हिंदीतूनच शिकवलं. आणि 'उसकी'मधला 'उस' बाईचा की पुरुषाचा ते सांगतच नाही. सांगतो तो 'की', पण तो बायकोविषयी सांगतो, भावाविषयी नाही. की म्हणजे स्त्रीलिंगी, स्त्रीलिंगी म्हणजे हर. तिचं गणित तिच्या परीने चोख होतं.

मराठीत मात्र दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. त्याची बायको. तिचा नवरा. पुढचा 'त्या' किंवा 'ति' सांगतो माणूस कोण, मागचा 'ची' किंवा 'चा' सांगतो वस्तू कोण. मी फळ्यावर मोठ्याने लिहिलं: डोकं बघा, शेपूट बघू नका. त्या असेल तर हिज, ति असेल तर हर, पुढे बहीण असो की भाऊ. इंग्रजीला शेपटाची फिकीरच नाही. हिंदीतून आलात तर हातात फक्त शेपूट येतं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी मराठीतून विचार करू?" "हो." "पण मी तर घरी मराठीच बोलून राहिली आहे ना." तेच तर. घरी बोलते आणि वहीशी येताना चपलेसारखी बाहेर काढून ठेवते, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. दहा वाक्यं दिली. आधी मराठीत, मग इंग्रजीत, मध्ये हिंदी आली तर पोहे तुझ्याकडून. अहिल्याबाई आणि तिचा मुलगा. खंडेराव आणि त्याची आई. दहापैकी नऊ बरोबर. पोहे कोणालाच मिळाले नाहीत, मीच रविवारी सगळ्यांना जलेबीसकट खाऊ घातले.

मला वाटलं जिंकले. पण काकू होत्या ना.

"खंडेराव आणि त्याची आई? आम्ही असं नाही म्हणत. त्यांची आई. आणि अहिल्याबाईंना 'तिचा'? देवींना?" आणि त्यांनी लिहिलं: अहिल्याबाई अँड देअर सन. मल्हारराव अँड देअर वाइफ. मग वही पुढे करून: माय हज्बंड, देअर ऑफिस, देअर फ्रेंड्स.

माझा डोलारा इथे कोसळला. आदरार्थी बोललं की मराठीतलं डोकंही जातं. 'त्यांचा' म्हणजे त्या बाईंचा, त्या बुवांचा की दहा जणांचा, काहीच कळत नाही. म्हणजे धाकट्यांच्या बाबतीत माझी युक्ती चालते आणि मोठ्यांच्या बाबतीत आपण हिंदीच्याच पंगतीला बसतो. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

"काकू, इंग्रजीत सगळेच एकेरी. मनातल्या मनात एकेरी करा आणि मग भाषांतर करा."

"यांना एकेरी? मनात तरी कसं करू?"

"देवाला करता ना. विठ्ठलाला 'तो', अंबाबाईला 'अगं'. आईला 'तू'."

"देव वेगळा. आई वेगळी."

नवऱ्याचं नावही त्यांच्या तोंडून निघेना. 'माय हज्बंड'स नेम इज' इथवर यायच्या आणि थांबायच्या. मी म्हटलं नाव राहू द्या, ओळख करून द्या नुसती. तर त्यांनी घरच्या सवयीने म्हटलं, "माय सन'स फादर." व्याकरण निर्दोष, साखळी अगदी बरोबर, आणि घरी त्या म्हणतातही तसंच, मुलाच्या नावापुढे 'चे बाबा' लावून. पण कॅनडाच्या विमानतळावर असं सांगितलं तर तिथला माणूस समजेल की तुमचं फारसं पटत नाही आणि आता तुम्ही वेगळे राहता. हे समजावताना माझी भंबेरी उडाली. सांगलीची सून हसून हसून बाकावर आडवी. काकू मात्र गंभीर. "एवढं सगळं एका फादरमधून कळतं त्यांना? आणि जाऊ कोण ते कळत नाही?"

त्यानंतर आम्ही विमानतळाचाच सराव केला. मी खिडकीतली बाई. हूज हाउस, कोणाच्या घरी राहणार? माय सन'स हाउस. हू इज विथ यू? माय हज्बंड. व्हेअर इज हिज पासपोर्ट? इथे काकू दरवेळी अडखळायच्या. मी 'हिज' विचारायचे, त्या उत्तरात 'देअर' म्हणायच्या, मी पुन्हा विचारायचे. एकदा तर त्यांनी 'द पासपोर्ट इज हिअर' असं म्हणून हिज-देअर दोन्ही टाळलं. हुशारीच ती, पण मी गुण दिले नाहीत.

परवाच्या शुक्रवारी वर्ग सुटता सुटता बाहेर हॉर्न वाजला. काकूंचे यजमान आले होते न्यायला, रोजच्यासारखे, दारात स्कूटर उभी करून. काकूंनी पिशवी उचलली, "आले हो, आले," असं बाहेर ओरडून सांगितलं आणि चपला घालता घालता माझ्याकडे वळल्या. एकदा दाराकडे बघितलं, यजमानांचं लक्ष रस्त्याकडे होतं.

"हिज स्कूटर," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मग अंगण ओलांडून मागच्या सीटवर बसताना मोठ्याने, "अहो, सावकाश चालवा."